खारूच्या परीक्षेचा श्रोता

मी बाइंडर आहे. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गेल्या एकतीस वर्षांत या विद्यापीठातून जो कोणी शहाणा होऊन बाहेर पडला, त्याचं शहाणपण माझ्या हाताखालून गेलेलं आहे. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, तीन प्रती, चार दिवस. घाई असेल तर दुसरीकडे जा. आतलं एक अक्षर मी कधी वाचलेलं नाही. लोक म्हणतात, काय हो, एवढे प्रबंध हाताळता, तुम्हाला किती ज्ञान मिळत असेल! मी म्हणतो, शिंप्याला विचारा, गिऱ्हाइकाच्या खिशात काय आहे ते त्याला ठाऊक असतं का?

खारू माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ आणि वहिनी एकाच अपघातात गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. मी तिला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात माझ्या टेबलाखाली बसायला लागली. कापलेल्या कागदाच्या पट्ट्या कुरतडायची, म्हणून खारू. खरं नाव हजेरीपटावर आहे, ते तिथेच राहू दे. लग्न मी केलं नाही. माझ्याशी करायला कोणी तयारच झालं नाही असंही लोक म्हणतात. म्हणू देत.

माझं तोंड फाटकं आहे, हे मला कोणी सांगायला नको. खळ सांडली की "हात आहेत की लाकडं?" ठेच लागली की "डोळे काय कपाळाला बांधलेत?" पैकीच्या पैकी मार्क मिळाले तर "बरं झालं, डोक्यात सगळाच भुसा नाही म्हणायचा." समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं. खारू लहान असताना काही सांगायला आली की बोट वर करायची, वर्गात करतात तसं. तरी मी मधे बोलायचोच.

ती रशियन भाषा आणि साहित्य घेणार म्हणाली तेव्हा मी तीन दिवस आरडाओरडा केला. चौथ्या दिवशी ती विभागातून एक कागद घेऊन आली आणि माझीच खळ घेऊन तो कपाटाच्या दारावर चिकटवला. पदवी पूर्ण करण्याच्या अटी. बापरे, काय ती यादी! चार वर्षं व्याकरण. उच्चाराचा वेगळा पेपर. दोन शतकांचं साहित्य, ते मूळ भाषेत वाचायचं. त्या देशाचा इतिहास. रशियनच्या गोतावळ्यातली आणखी एक भाषा वर्षभर. श्रुतलेखन, त्यात पाचापेक्षा जास्त चुका झाल्या की परत बसा. अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा, सगळी रशियनमध्ये. मी म्हटलं, "अगं, एवढ्या अटींत माणूस विमान चालवायला शिकतो." ती म्हणाली, "विमान खाली उतरतं हो काका, मग संपतं." काय उत्तर आहे का हे! पण चार वर्षं ती एकेका अटीसमोर खूण करत गेली आणि तिच्या नकळत मीही त्या खुणा मोजत गेलो.

शेवटी एकच अट उरली, आणि घोडं तिथेच पेंड खाणार होतं. तीस पानांचा अनुवाद. रशियनमधली एक पूर्ण कथा आपल्या भाषेत आणायची, तीन प्रती बांधून आठ दिवस आधी द्यायच्या, आणि मग श्रोता-चाचणी. ही चाचणी दुसरीकडे कुठे नाही म्हणे, इथल्या विभागप्रमुख मॅडमनी स्वतः सुरू केलेली. विद्यार्थ्याने एक माणूस आणायचा, जो इथे शिकतही नाही आणि शिकवतही नाही. त्याला रशियनचा गंध नसावा. त्याने तो अनुवाद आधी वाचलेला किंवा ऐकलेला नसावा. विद्यार्थी वाचणार, तो ऐकणार, मधे चकार शब्द काढायचा नाही. मग त्याने परीक्षकांना ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. परक्याला नीट सांगता आली तर अनुवाद पास. नाही आली तर पुढच्या वर्षी या.

खारूने श्रोता म्हणून माझं नाव दिलं.

"मी? मला झोप लागेल."

"लागू दे. पण मधे बोलायचं नाही. नियम आहे," ती म्हणाली आणि उगाचच हसली.

पुढचं वर्ष तिला परवडणारं नव्हतं. दूरच्या शहरातल्या एका प्रकाशनाने तिला अनुवादक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण एक तारखेला पदवी पूर्ण झाल्याचा दाखला हातात हवा. नाहीतर दुसरी मुलगी तयार होती. अशी जागा दहा वर्षांत एकदा निघते, असं खारू म्हणायची. रशियन येणाऱ्यांना जग काही हार घेऊन उभं नसतं.

बांधायची पानं तिने मला आणून दिली तेव्हा बजावलं, "काका, वाचायचं नाही हं."

"एकतीस वर्षांत कोणाचं वाचलंय? तू काय मोठी लागून गेलीस?"

आता बाइंडिंगचं काम कसं असतं ते सांगतो. शिवण्याआधी पानं जुळवावी लागतात. एक पान उलटं किंवा मागेपुढे झालं की तीन प्रती वाया. म्हणून डोळ्यांत तेल घालून प्रत्येक पानाचा खालचा कोपरा पाहायचा, फक्त आकडा. नऊ, दहा, अकरा. अकराव्या पानाच्या तळाशी, आकड्याच्या अगदी डोक्यावर, एक ओळ होती. "डोळे काय कपाळाला बांधलेत?"

माझा हात थांबला. हे तर माझं वाक्य. रशियात कोण बोलतंय हे? मी एक ओळ वर सरकलो. मग आणखी एक. मग पहिल्या पानावर गेलो आणि खुर्चीत बसलो. तीसच्या तीस पानं वाचली. संपल्यावर परत पहिल्यापासून वाचली. तोवर वाटीतल्या खळीवर साय धरली होती.

गोष्ट अशी, आणि ती सांगते त्यातली पोरगीच. बर्फाळ गावात एक म्हातारा असतो, विटांच्या भट्ट्या बांधणारा मिस्त्री. मेलेल्या बहिणीच्या पोरीला त्याने वाढवलेलं असतं, आणि उठताबसता तो तिला बोलत असतो. विटा आणल्या तर वाकड्या आणल्या, नाही आणल्या तर आळशी. एक गोड शब्द नाही. पोरीला नदीपलीकडच्या गावात शाळामास्तरणीची नोकरी लागते. थंडीत नदी गोठलेली, तिच्यावरून चालत जायचं. म्हातारा पोचवायला निघतो आणि सगळी नदी ओलांडेपर्यंत तिला शिव्या घालत असतो. पलीकडे पोचल्यावर तिचं गाठोडं खाली ठेवतो, आणि मागे न बघता परत जातो. संपली गोष्ट.

आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडी एकूण एक शब्द माझा होता. हात आहेत की लाकडं. डोक्यात भुसा. सगळं.

माझ्या काळजाचं पाणी झालं, आणि मग नाकाला मिरच्या झोंबल्या. वा गं वा! जगातल्या हजार गोष्टी सोडून हीच सापडली? एकोणीस वर्षं तिचे ताप काढले, तिच्या वेण्या घातल्या, वाकड्या का होईना पण घातल्या, आणि हिने माझ्या काय लक्षात ठेवलं तर शिव्या. त्याही पाच माणसांसमोर वाचून दाखवणार, आणि मी समोर मुकाट बसायचं! एवढ्यासाठी माझं नाव दिलं होय.

आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो. ती दोनदा म्हणाली, "काका, बरं नाही का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" वाचलंय हे तेव्हाच सांगितलं असतं तर निदान दुसरा श्रोता शोधता आला असता. पण ते सांगायचं म्हणजे दुखलं हेही सांगायचं. ते माझ्याने होईना. मला वाटलं, जाऊ, बसू, ऐकल्यासारखं करू, सांगू आणि घरी येऊ. कोणाला कळतंय?

परीक्षेच्या दिवशी सकाळी विभागाच्या फाटकातच एका टेम्पोवाल्याशी माझं भांडण झालं. कोणाची तरी कपाटं उतरवायला आला होता आणि वाट अडवून बसला होता. चाळिशीचा, आडदांड, दाढीचे खुंट. मी त्याला म्हटलं, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" तो म्हणाला, "नाही, तुमच्या बापाचा. त्यांनीच लावायला सांगितलाय." खारूने माझ्या दंडाला धरून मला वर नेलं.

दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. टेबलापलीकडे मॅडम बसल्या होत्या, किडकिडीत, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. शेजारी बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक, वयस्कर, कानाला यंत्र लावलेले. माझ्यासमोर एक छापील कागद आला. 'मी हा मजकूर यापूर्वी वाचलेला अथवा ऐकलेला नाही.' खाली सही.

मी पेन उचललं. खारू शेजारच्या खुर्चीत बसली होती, हातात मीच बांधलेली प्रत. तिने अंगठ्याने रेक्झिनची कड दाबून पाहिली, कामाची पारख करतात तशी. मीच शिकवलंय तिला ते. आणि माझ्याने सही होईना. माझी जीभ तिखट आहे, पण लबाड नाही.

"मी वाचलंय," मी म्हटलं. "सगळं. दोनदा."

खारूचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"दोनदा?" ती म्हणाली. "मग काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चव्हाट्यावर मांडायला मीच सापडलो तुला?"

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर केला. बाहेरचे परीक्षक पुढे वाकले. "तुम्ही बाइंडर ना? आजवर किती प्रबंध बांधलेत?"

"हजारांनी."

"त्यातले वाचलेत किती?"

"हा एवढाच."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नियमांची वही उघडली. "यांना श्रोता म्हणून घेता येणार नाही, सर. नियम मीच केलाय, तो मीच मोडू का?" मग पान उलटून त्या म्हणाल्या, "दोन्ही परीक्षक कबूल असतील तर श्रोता बदलता येतो. मात्र चाचणीची वेळ संपायच्या आत. अकरापर्यंत सुरुवात झाली पाहिजे."

घड्याळात दहा पस्तीस झाले होते. खारू जागची हलली नाही. मान खाली घालून बसली होती, आणि तिचे खांदे बघून मला कळलं की ही रडतेय. एकोणीस वर्षांत मी तिला हजार वेळा रडवलं असेल, पण त्यापायी तिचं काही बुडालं नव्हतं. मी खुर्ची मागे सारली आणि पळालो.

रशियनचा गंध नसलेला माणूस! व्हरांड्यात शिपाई भेटला. त्याला विचारलं तर तो लाजून म्हणाला, एकवीस वर्षं इथे आहे, आता थोडंफार येतं. चहावाल्याला रशियनमध्ये शंभरपर्यंत आकडे येत होते, त्याने मला मोजून दाखवायला सुरुवात केली. झाडूवाल्या मावशींनी तर मला एक कविताच म्हणून दाखवली, दोन कडवी. मी कपाळावर हात मारला. या अख्ख्या इमारतीत अडाणी असा मी एकटाच होतो आणि मीच बाद झालो होतो.

फाटकाशी आलो तर टेम्पोवाला टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय पसरून बसला होता. दहा सत्तेचाळीस. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

"दादा," मी म्हटलं, "तुम्हाला रशियन येतं का?"

"मगाशी बाप काढलात, आता रशियन काढताय?"

मी त्याला सगळं सांगितलं. धापा टाकत, उलटंसुलटं. माझ्या पोरीचं वर्ष, नोकरी, एक तारीख, आणि मी काय माती खाल्ली ते. मी हात जोडले. मी कोणापुढे हात जोडत नाही. त्याने विचारलं, "पोरगी सख्खी?"

"भावाची."

"म्हणजे तुमचीच की." त्याने खाली उडी मारली आणि कपाटवाल्यांना ओरडून सांगितलं, "अर्धा तास हात लावू नका रे, मला परीक्षेला बोलावलंय!"

त्याने सही केली तेव्हा अकराला तीन मिनिटं कमी होती. मी बाहेर जायला निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसू शकता. मागे. एक शब्दही न बोलता." त्या शेवटच्या वाक्याला खारूने डोळे पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं.

ती वाचायला लागली. आधी आवाज कापत होता, मग लागला. मी ती पानं दोनदा वाचली होती, पण रागाने वाचली होती. आता तिच्या तोंडून माझेच शब्द ऐकू येत होते आणि ते मला वेगळेच वाटत होते. ती म्हाताऱ्याचं बोलणं वाचताना आवाज चढवत नव्हती. सावकाश वाचत होती, एखादी वस्तू हळूच खाली ठेवावी तसं. टेम्पोवाला गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. एका ठिकाणी तो फिस्सकन हसला, एका ठिकाणी त्याने नाक ओढलं.

वाचून झालं. मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

"सांगतो. साधी गोष्ट आहे." त्याने घसा खाकरला. "एक खडूस म्हातारा. भट्ट्या बांधतो. पदरात बहिणीची पोर. दिवसभर तिच्यावर करवादतो, पण पोरीची खोली कधी थंड पडू देत नाही, बरं का. इकडे बोलतो आणि तिकडे तिच्या भिंतीला लागून भट्टी बांधतो. पोरगी मोठी होते, नदीपल्याड नोकरी लागते. नदीवर बर्फ. मग म्हातारा तिला पोचवायला निघतो." इथे तो थांबला. "आता बघा. तो पुढे चालतो. हातात काठी. दर पावलाला बर्फावर काठी आपटतो, मग पाय ठेवतो, आणि मागे वळून तिला शिव्या घालतो. नीट चाल, डोळे कुठे आहेत वगैरे. बर्फ फुटला असता तर आधी तो गेला असता."

मी दोनदा वाचलं होतं. काठी वाचली होती. ती मला दिसलीच नव्हती. मला फक्त शिव्या दिसल्या होत्या.

"आणि पोरगी?" बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं.

"ती एक अक्षर बोलत नाही. तो जिथे पाय ठेवतो बरोब्बर तिथेच पाय ठेवते, त्याच्या पावलांवर. पार दुसऱ्या काठापर्यंत."

मॅडमनी चष्मा काढला. "शेवटचा प्रश्न. म्हाताऱ्याचं तिच्यावर प्रेम आहे, हे त्या मुलीला कळलंय असं तुम्हाला वाटतं का?"

टेम्पोवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्याला बाईंची कीव आली होती. "मॅडम, गोष्ट सांगतंय कोण? ती पोरगीच सांगतेय ना? तिला कळलं नसतं तर तिने शिव्याच सांगितल्या असत्या. काठी कशाला सांगितली असती?"

दोघा परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मॅडमनी खारूच्या कागदावर शेवटची सही केली. टेम्पोवाला उठला, खारूला म्हणाला, "चांगलं वाचता हो ताई," आणि कपाटं उतरवायला निघून गेला. मला त्याचे आभार मानायचंही सुचलं नाही.

आम्ही दोघं जिन्यात आलो. मधल्या वळणावर मला पुढे उतरता येईना, मी पायरीवर बसलो. खारू शेजारी बसली. कागद तिच्या मांडीवर होता.

"हे मला तुम्हाला घरी सांगता आलं नसतं काका," ती म्हणाली. "तुम्ही मला बोलू दिलं नसतंत."

खरं होतं. मी घसा साफ केला. नेहमीसारखं काहीतरी तोंडात आलं होतं, सामान किती नेणार आणि कसं विसरणार असलं काही. ते मी गिळलं.

"तू गेलीस की मला घर खायला उठेल," मी म्हटलं. "मला तू जायला नको आहेस. अजिबात नको आहेस." माझा आवाज फुटला, तरी मी पुढे बोललो. "पण जा तू, बाळा."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने, अगदी लहानपणी रडायची तशी रडायला लागली. वरून एक विद्यार्थी उतरत होता, त्याला मी हातानेच सांगितलं, पलीकडून जा.